चार दाणे

जानेवारीत दुसऱ्यांदा दुखणं उठलं तेव्हा
बर्टालान रात्रभर स्टुलावर बसून होता,
उशी पोटाशी आवळून, पुढे वाकलेला,
फरशीवर सांडलेलं काही शोधत असल्यासारखा.
पाठीतून आरपार, म्हणाला.
मग सकाळपर्यंत काहीच म्हणाला नाही.

दवाखान्यातून परतल्यावर दोन दिवस
पाणी, साखरेचा कोरा चहा.
तिसऱ्या दिवशी पेज:
मूठभर तांदूळ, भांडंभर पाणी,
आणि ढवळायला मी,
हातात तोच लाकडी चमचा
ज्याने छत्तीस वर्षं डुकराची चरबी वितळवली.

आमच्या घरात कुठलाही रस्सा
चरबीत परतलेल्या कांद्यापासून सुरू व्हायचा.
आता कांदा पाण्यात शिजतो
आणि कुरकुर करत नाही.
मी करते.

सोल्नोकच्या आहारतज्ज्ञ बाईंनी कागद दिला.
थोडं थोडं, दिवसातून सहा वेळा.
तळलेलं नको. दारूचं नावही नको.
पहिल्या घासाबरोबर कॅप्सूल, विसरायची नाही.
कागद फ्रीजवर लावला.
नातीने त्याच्या कोपऱ्यात एक गाजर काढलं,
टोपी घातलेलं, जरा रागावलेलं.

स्वादुपिंड.
नाव ऐका आणि वागणं बघा.
पोटामागे दडून बसलेलं, जेमतेम वीतभर,
वर्षानुवर्षं मुकाट पचवत राहिलं
अंब्रुशच्या तळघरातली जर्दाळूची पालिंका,
लग्नं, बाप्तिस्मे, हरलेले सामने,
जिंकलेले तर फारच थोडे,
आणि आता काही उरलं नाही म्हणून
स्वतःलाच पचवायला निघालंय.

शनिवारी अंब्रुशकडे डुक्कर कापलं.
जाऊ नकोस, मी म्हटलं.
माझाच मफलर गुंडाळून गेला.
अंगणात बर्फ, कढईवर वाफ,
परातीत सॉसेजचं सारण, पाप्रिकेने लालभडक.
आमच्या गल्लीत तीस वर्षं
बर्टालानच्या जिभेवरून गेल्याशिवाय
एक आतडं भरलं गेलेलं नाही.
यंदा कुणी विचारलं नाही.
अंब्रुशने परात पुढे केली खरी,
पण बघत होता विहिरीकडे.

त्याने चिमूटभर सारण तव्यावर भाजून घेतलं,
जिभेवर ठेवलं. डोळे मिटले.
इतका वेळ,
की साबोल्चने सुरीला धार लावणं थांबवलं.
मग कुंपणाकडे वळला
आणि थुंकला बर्फात.
लालसर ठिपका. कुत्रं आलं, हुंगून थबकलं.
"लसूण कमी आहे," म्हणाला,
"आणि मीठ अजून दीड मूठ."
सगळे हसले,
हवं त्यापेक्षा जरा मोठ्याने.

रात्री त्याच्यासाठी बटाटा,
लोण्याशिवाय, दुधाशिवाय कुस्करलेला,
शेजारी उकडलेला भोपळा.
अंब्रुशच्या बायकोने पुडी बांधून दिली होती,
गरम चरबीचे कुरकुरीत तुकडे.
ते मी कोठीघरात उभ्यानेच खात होते,
दार लावून, चोरासारखी,
दातांनीसुद्धा आवाज करू नये म्हणून
तोंडात विरघळवत.

"दार उघड," तो स्वयंपाकघरातून म्हणाला.
"वासात चरबी नसते."

बशी घेऊन समोर बसले.
पाव, लाल कांदा, ते तुकडे.
तो माझ्याकडे बघत बटाटा चावत होता,
चावण्यासारखं त्यात काही नसताना.
मध्येच थांबला.
मला वाटलं, पुन्हा उठली कळ.
उशी आणायला मी खुर्ची मागे सारली.

"यात काय घातलंस?"

शहाजिरं, म्हटलं. चार दाणे. मोजून.

त्याने जीभ टाळूला लावली,
सकाळी अंगणात लावली होती तशीच,
आणि डोळे मिटले.

"उद्या सहा घाल."