पोटॅश

मोरीत फेस दिसायचा सकाळी,
वाटलं, निरम्याचा असेल.
मग जोडवी रुतायला लागली बोटांत.

जळगावच्या सिव्हिलात, मागच्या अंगाला,
जिथं दारावर नाव नाही, नुसता आकडा आहे,
नव्या डॉक्टरीण बाईंनी माझा कागद दोनदा वाचला.
क्रिएटिनिन दोन पॉइंट नऊ.
गोळीनंच झालंय, म्हणाल्या,
आणि अकरा वर्षं रोज रात्री नऊला गिळलेलं
एक नाव पेनानं खोडलं.

राग यायला हवा होता.
पण त्याच गोळीनं मला
चैतालीच्या दोन वेण्यांची एक वेणी झालेली दाखवली.
डबी वाजू नये म्हणून कापूस कोंबायचे मी तिच्यात,
लग्नाघरी संडासात उभी राहून कोरडीच गिळायचे.
तिनं जगवलं.
जगवता जगवता आतल्या चाळणीची भोकं
मोठी करत गेली गुपचूप.
भांडू कुणाशी?

"आता केळं बंद," बाई म्हणाल्या.
मला हसू आलं. त्यांना कळेना.
सावद्याला शेडमध्ये फण्या धुते मी, बाई,
दिवसाला तीनशे खोकी,
चिकानं काळी पडलेली ही बोटं बघा.
"केळ्यात पोटॅशियम असतं."
पोटॅश?
ते ओळखते. गोण्या असतात लाल.
ठिबकातून सोडतात, घड वजनाला भरावा म्हणून.
मालकाच्या बागेला कायम कमी पडतं,
माझ्या रक्तात उतू चाललं.

परतीच्या एसटीत शेजारी पारोळ्याची म्हातारी,
फैजपूरला लेकीकडं निघालेली.
"काय व माय, तोंड कसं सुजेल शे तुन्हं?
काय जयं तुले?"

अकरा वर्षं या प्रश्नाला
मी ऊन सांगितलं, उपास सांगितले,
एकदा तर कावीळ सांगितली
आणि महिनाभर सगळ्यांसमोर उसाचा रस प्याले.
आज तोंड उघडलं तर आपसूक निघालं,
किडनीचा त्रास आहे, मावशी.

केवढ्यानं बोलले मी!
पुढच्या बाकावरचा माणूससुद्धा वळला,
अरेरे म्हणाला,
कुणी सरकलं नाही माझ्यापासून,
उलट खिडकी दिली.
म्हातारीनं पाठीवर हात ठेवला,
अख्खा तळहात,
आणि दिराच्या मुतखड्याची लांबलचक गोष्ट लावली.
पिशवीत नवी डबी वाजत होती.
कापूस घालायचा राहून गेला होता.
"त्यान्याच गोया का?"
हो म्हटलं.
खोटं नव्हतं. पुरतं खरंही नव्हतं.

तापीचा पूल आला, पाणी खाली गेलेलं,
मला रडू फुटलं,
तिला वाटलं दुखतंय.
लुगड्याच्या ओच्यातून तिनं एक केळं काढलं,
थोडं दबलेलं, तिच्या अंगाच्या उबेचं.
"खाई ले, पोरी."

माझ्या हातून काही खाऊ नये असं वाटणारे पाहिलेत.
आपल्या हातचं मला देणारी ही.
आता हिला पोटॅश कुठून समजावू.

धरून बसले
फैजपूरपर्यंत.