आठवी पायरी

मेक्सिको सिटीत आमच्या चौकात दोन टॉवर आहेत.
कागदांवर त्यांना बँकांची लांबलचक नावं,
पण कोपऱ्यावर तमाले विकणारी एउलालिया
एकाला कणीस म्हणते, दुसऱ्याला सुरी,
आणि टॅक्सीवाल्यांना तेवढंच कळतं.

कणीस काँक्रीटचं.
सव्वीस वर्षांचा होतो मी, हातात थापी, नाकात सिमेंट.
साचा दर सहा दिवसांनी एक मजला वर सरकायचा,
पंप रात्रभर खोकायचा,
आणि ओतणं मध्येच थांबलं तर सांधा कच्चा राहतो, म्हणून
बापाच्या मयतीला फिदेन्सियोला
एक तास सुट्टी मिळाली. एकच.
खिडक्या लहान, खोल बसवलेल्या, दाण्यांसारख्या रांगेनं;
दुपारचं ऊन उंबऱ्यावरच थबकतं.

सुरी पोलादाची, नंतरची.
तिथं माझी धाकटी बहीण ओब्दुलिया,
पट्ट्यानं बांधलेली, चाळिसाव्या मजल्यावर बोल्ट आवळत.
तुळया नंबर घालूनच यायच्या,
भोकाला भोक जुळलं की झालं.
'तुम्ही चिखल कालवता,' ती म्हणायची, 'आम्ही शिवतो.'
बाहेरून सगळी काच.
पाखरांना कळत नाही आभाळ कुठं संपलं;
सकाळी झाडूवाला त्यांना सुपलीत गोळा करतो.

पण खरा फरक दिसत नाही. तो खाली आहे.

या शहराखाली तळं आहे.
कुणी कधी बुजवलं, एवढंच; मेलेलं नाही ते.
आम्ही नळानं पाणी ओढत राहतो
आणि चिखल आक्रसत, दबत,
शहराला मांडीवर घेऊन खाली बसत जातो.

कणसाचे खांब चिखल भेदून थेट कठीण थरापर्यंत.
पाय रोवून उभं. हलायचं नाही म्हणजे नाही.
सुरीच्या इंजिनिअरबाईंनी उलटं केलं:
टॉवरचं वजन काढलं,
जवळपास तेवढाच चिखल उपसला
आणि खड्ड्यात पाच मजल्यांचं रिकामं तळघर ठेवून दिलं.
ओब्दुलियाला त्यांनी ते
पोसोलेच्या पातेल्यात वाटी तरंगवून दाखवलं होतं.
(नंतर दोघींनी पोसोले संपवलं.)

म्हणून सुरी शहराबरोबर खाली जाते,
तिचं दार अजून रस्त्याला टेकलेलं.
कणीस जात नाही.
शहरच त्याला सोडून उतरतं
आणि दर चार-पाच वर्षांनी मला फोन येतो:
दोन एलीहियो, आणखी एक लागेल.
उद्घाटनाला पाहुणे फुटपाथवरून सरळ आत गेले होते.
आता सात पायऱ्या. नवी नेहमी खालून लागते.
मॅनेजर लोकांना सांगतो,
आमचा टॉवर अजून वाढतोय.
मी मसाला कालवत राहतो.
माणसानं आपली पायरी ओळखून असावं,
त्यातून ती स्वतःच बांधायची असेल तर जास्तच.

भूकंपाच्या रात्री सुरी वेतासारखी वाकली, परत आली.
कणसाला भेगा पडल्या,
पण नकाशात जिथं पडायला सांगितल्या होत्या, तिथंच.
तरी मला लाज वाटली.
पहाटे जाऊन एकेकीवरून बोट फिरवलं.

ओब्दुलियाच्या ॲप्रनमध्ये काचेची गोटी असते.
सुरीच्या लॉबीत ठेवली
की ती क्षणभर विचार करते,
मग उत्तरेकडे निघते, कुणी बोलावल्यासारखी.
कणसाच्या लॉबीत जागची हलत नाही.
'मेलेली,' ओब्दुलिया म्हणते.
'शहाणी,' मी म्हणतो.
वर्षानुवर्षं हेच.

आज आठवी.
गुडघ्यांमुळे ती आता वर येत नाही,
एउलालियाच्या स्टुलावर बसून
माझं घोटून होईपर्यंत थांबते.
मग उठते, वाकते,
ओल्या सिमेंटवर गोटी ठेवते.

आम्ही दोघंही बघत राहिलो.
कुठंच गेली नाही.
थोडी आत रुतली.