वरखर्च

वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं: एक लाख ऐंशी हजार.
खाली दोन रेघा, पेन दाबून,
म्हणजे यापुढे पाय टाकायचा नाही.

सिडकोचं घर, नेरूळ, तिसरा मजला, लिफ्ट नाही.
तीनशे नव्वद फुटांत आम्ही तिघं, एक शिलाई मशीन,
आणि मोरीलगतच्या भिंतीवरचा पोपडा.
तोही दरवर्षी वाढतो,
पोरासारखा, फक्त फी मागत नाही.

मुन्नीलाल म्हणाला, सगळं तोडू.
मी म्हटलं, तोडायचे पैसे, गोणीत भरायचे पैसे,
गोणी तीन जिने उतरवायचे, टेम्पोचे वेगळे.
चार वेळा पैसे मोजून हातात काय? राबिट.
टाइलवर टाइल बसव.
ठोकून बघ, पोकळ वाजेल तेवढीच काढ.
मग तो आणि मी गुडघ्यांवर,
डॉक्टर पाठ ठोकतो तशी अख्खी खोली ठोकत गेलो.
अकरा पोकळ निघाल्या.
बाकी घराची तब्येत बरी होती.

फरशी अर्धा इंच वर आली,
तेवढा दरवाजा खालून तासला.
खिडकीच्या काचा त्याच, चाकं नवी: एकशे साठ.
टाइल शिरवण्याच्या गल्लीतून, उरलेल्या लॉटच्या,
तीन खोक्यांत तीन पांढरे.
दुकानदार म्हणाला, ताई, फरक दिसणार नाही.
दिसतो.
पण फ्रिजखाली, पलंगाखाली,
फरकानेही कुठेतरी राहायचंच ना.

नवरा फॉल्स सीलिंगबद्दल दोनदा बोलला.
दुसऱ्यांदा मी वही पुढे सरकवली.
वाचून तो चहा टाकायला गेला.

आणि त्याच दुपारी मुन्नीलालने पोपडा खरवडला,
आत बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला.
भाभी, ही भिंत आजारी नाही.
वर बघा.

वर तळवणेकर. एकटे.
दिघ्याच्या एका कारखान्यात फिटर होते,
तिथे आता काचेची इमारत आहे.
मागच्या वर्षी मी त्यांच्याविरुद्ध सोसायटीला
दोन पत्रं दिलेली, पोच घेऊन.
दार साखळीपुरतं उघडलं.
नाही म्हणाले नाहीत. बघू म्हणाले,
मग माझ्या हातातली वही बघून साखळी काढली.
मोरीत गेले, बाजूला झाले.
नहाणी ट्रॅपच्या भोवती
सायकलच्या जुन्या ट्यूबचं रबर गुंडाळलेलं,
वेढ्याला वेढा चिकटून, कडा कातरून,
इतकं नेटकं की दोन्ही पत्रं मला आठवली, पोचसकट.
माझी भिंत वाचवायला हा माणूस वर्षभर झटत होता.
त्याच्याकडे फक्त रबर होतं.

रात्री वही उघडली:
ट्रॅप, इपॉक्सी, प्लंबर अर्धा दिवस. दोन हजार सातशे.
कुठल्या खात्यात टाकू?
स्वयंपाकघर नाही, मोरी माझी नाही.
शेवटी लिहिलं, वरखर्च.
ओट्याखालची एक ट्रॉली खोडली.

चौथ्या दिवशी ते खाली आले,
बगलेत फडक्यात बांधलेली लेव्हल.
कोणी बोलावलं नव्हतं.
नव्या ओट्यावर ठेवली, चष्मा वर केला,
बुडबुड्याची वाट बघितली.
दोन सूत उलटा आहे म्हणाले, पाणी गॅसकडे जाईल.
मुन्नीलाल चिडला. मग वाकला. मग गप्प बसून
ओला माल पुन्हा उचलला.
लेव्हल घेऊन ते निघून गेले, चहा न घेता.

एकूण एक लाख एक्क्याऐंशी हजार चारशे.
रेघा ओलांडल्या, चौदाशेनी.
नवरा काही बोलला नाही, बोलला असता तरी चाललं असतं.

मोरीलगतची भिंत अजून नागडीच आहे.
महिनाभर सुकू द्या, मगच रंग, असं सांगून मुन्नीलाल
घणसोलीच्या कामावर गेला.
सकाळी सातला वर बादली सरकते, पाणी पडतं.
मी हात पुसते, तळवा भिंतीला लावते.
गार आहे.
ओली नाही, बहुतेक.