खरी कोणती

उदगीरच्या बस स्टँडसमोर माझं दुकान, आठ बाय सहा.
आत काउंटर, भिंग, हीट गन,
बाहेर एक बाकडं.
बाकड्याचे पैसे मी दिलेत,
पण बाकडं त्या दोघांचं आहे.

सांजच्याला बिदरची गाडी लागते
तेवढ्यात काशिलिंग येतो, विम्याची बॅग काखेत,
आणि फोन असा पालथा ठेवतो
की पाठीवरचं सफरचंद रस्त्याला दिसावं.

इलियास मास्तर सायकल लावता लावताच सुरू:
"उष्टं फळ मिरवूलालास व्हय रे?
लाखभर मोजले, अन् पहिला घास दुसऱ्यानंच खाल्लेला!
आपल्या बालाघाटात पिकतं सीताफळ.
सीताफळाचा फोन निघू दे, मग मीबी घेतो."

काशिलिंग हसत नाही. काच रुमालानं पुसतो.
"मास्तर, तुमच्या सॅमसंगात
न पेरता काहीबाही उगवतंय, गाजरगवतासारखं.
काल कॅल्क्युलेटर उघडलात
तर रमीची जाहिरात आली, मी बघितलंय."

"उगवतंय म्हणजे जमीन जिती हाय!
तुझ्यात साधं गाणं टाकायचं तर
लातूरहून माणूस आणावा लागतो."

आठ वर्षं झाली.
फोन बदलले, चष्म्याचे नंबर बदलले,
बाजू नाही.

मी दोघांचेही फोन उघडलेत.
स्क्रू इतके बारीक, की शिंक आली तर संपलं.
आणि दोघांच्याही स्पीकरच्या जाळीत
डाळमिलची तीच पिवळी धूळ.
हे मी सांगत नाही.

हेही नाही सांगत, की मंगळवारी भर दुपारी,
बाकड्याला हात लावला तर भाजावं अशा वेळी
काशिलिंग एकटाच आला, काउंटरवर वाकला:
"तिकडल्याची बॅटरी खरंच दोन दिस टिकते का रे?"
आणि शुक्रवारी, नमाजची टोपी अजून डोक्यावर, मास्तर:
"जुनं सफरचंद कितीला पडंल?
माझ्यासाठी नाही. भाच्यासाठी."
मास्तरांना भाचा नाही.
तीन भाच्या आहेत, तिघी हैदराबादला.

तर त्या दिवशी वाद कॅमेऱ्यावर आला.
रंग खरा कुणाचा?
शेजारी नागिनबाई पेरू मांडून बसलेली.
दोघांनी एकदम फोन रोखले,
तिनं पदर डोक्यावर घेईपर्यंत
तीन-तीन फोटो झालेसुद्धा.

"सांग मावशे, खरी कोणती?"

तिनं हात लुगड्याला पुसले.
एक फोन या तळव्यावर, एक त्या,
पारडी जोखावीत तसे वर-खाली केले.
मग बघत राहिली. गिऱ्हाईक आलं, गेलं.

"ह्याच्यात उजळ दिसूलाले.
त्याच्यात सुरकुत्या मोजून घ्याव्या.
पर म्हातारी दोन्हीत मीच हाय की रे बाबांनो."

आणि मग, फोन परत देता देता:
"कागदावर कोणाचा देतोय?"

बिदरची गाडी गेली.
तिचा धूर बसेपर्यंत बाकडं गप्प होतं.

नंतर दोघं स्टुडिओकडं निघाले,
चौकाच्या पलीकडून ऐकू येत होतं,
छापायचा कुणाचा यावरून.
येताना अर्थातच दोन कागद.
नागिनबाईनं दोन्ही ठेवून घेतले,
बदल्यात एकच पेरू दिला, मधे चिरून,
तिखटमीठ एकाच्याच फोडीला जास्त लागलं
तर त्यावरही बोलणं झालं.

एक फोटो तिच्या गल्ल्याच्या डब्यात असतो, झाकणाच्या आतून.
दुसरा घरी.
कुठला कुठं, ती सांगत नाही.
काशिलिंग म्हणतो, डब्यातला माझा, रोज बघावासा वाटतो म्हणून.
मास्तर म्हणतात, घरचा माझा,
चांगली चीज कुणी बाजारात आणतं का?

परवा पाचशेचे सुट्टे द्यायला
तिनं माझ्यासमोर डबा उघडला.

साडेसहा वाजत आलेत.
मी भिंग डोळ्याला लावतो,
खाली बघतो.