तीन मिनिटं

जयेंद्रगंजात, जिना चढून वर.
खाली गजक कुटतायत, धप धप, सगळी इमारत हलते,
वर सहा कम्प्युटर, पाच पोरं आणि मी.
रुचिका भदौरिया, वय बावीस, माझी मास्तरीण,
म्हणते, "आंटीजी, माउस को पकड़िए, दबाइए मत."
पकडते. बाण पळतो,
पडद्याच्या कडेला जाऊन दडतो,
ट्यूबलाइटमागे पाल दडावी तसा.

हे हात नवखे नाहीत, हे मी तिला सांगत नाही.
एकवीस वर्षं ट्रंक बोर्डावर बसले,
कानांवर हेडफोन, पुढ्यात दिव्यांच्या रांगा,
दोरी इकडून उपसून तिकडे खुपसली की
शिवपुरीचा सासरा अकोल्याच्या सुनेशी बोलायचा.
ऑर्डिनरी. अर्जंट. लाइटनिंग, म्हणजे आठपट पैसे
आणि बहुधा कुणीतरी गेलेलं.

वहीत लिहून घेतलंय:
फाइल म्हणजे कागद, फोल्डर म्हणजे पुडकं,
लाल फुलीला घाबरायचं नाही,
पण तिच्याआधी सेव्ह.
भावाला पत्र लिहीत होते, साडेचार ओळी,
कोपरे तुटलेल्या मराठीत. तेवढ्यात लाइट गेली.
लाइट आली तेव्हा पडदा स्वच्छ.
"सेव नहीं किया था ना, आंटीजी."

बोर्डावरचं तरी कुठे सेव्ह होत होतं?
दतियाहून एक गृहस्थ दर शनिवारी
पुण्याच्या एका वसतिगृहाचा नंबर मागायचे,
तिकडून हॅलो यायचं,
आणि ते तीन मिनिटं गप्प.
पैसे पूर्ण भरायचे.
कुठल्या पुडक्यात आहे हे, माहीत नाही. पण आहे.

मग आला धडा पासवर्डचा.
"किसी को नहीं बताना. अंकल को भी नहीं."
मला हसू आलं. गुप्ततेच्या शपथेवर
माझी सही आहे, सन चौऱ्याहत्तरची.
हे रोज रात्री जेवताना विचारायचे,
आज कुणाचा फोन, काय म्हणाले?
मी म्हणायची, भाजी वाढू?
गेले बिचारे, अर्ध्या ग्वाल्हेरची भानगड
एका ताटाच्या अंतरावर असताना.

आठ अक्षरं. एक मोठं, एक आकडा, एक चिन्ह.
नाव नको, जन्मतारीख नको, घराचा नंबर नको.
हे तीन वगळून माझ्याजवळ
आहे काय, हे शोधायला
मला पूर्ण एक आठवडा लागला.

मंगळवारी दुपारी, रजईत होते, फोन वाजला.
"मैडम, दिल्ली से बोल रहा हूँ, आपके नाम का पार्सल पकड़ा गया है."
खातं, वॉरंट, कोड सांगा, फोन ठेवू नका.
पोटात गोळा आला, खोटं का बोलू.
पण कान जुने आहेत. ते माझ्याआधी कामाला लागले.
आवाज कागदावरून वाचत होता,
पूर्णविरामावर श्वास घेत होता,
आणि त्याच्या मागे दहा आवाज
तेच वाचत होते, थोडे पुढे, थोडे मागे.
ती खोली माझ्या ओळखीची निघाली:
ओळीत बसवलेली पोरं, कानांवर हेडफोन,
पाठीमागे येरझारा घालणारा कुणी.
माझ्या तोंडून गेलं, तीस वर्षांत न गेलेलं,
त्याच सपाट सरकारी स्वरात,
"थ्री मिनिट्स ओवर. एक्स्टेंशन प्लीज?"
पलीकडे काहीच नाही.
दतियाच्या गृहस्थांसारखं काहीच नाही.
मी दोरी उपसली.

रुचिकाला सांगितलं तर ती खुर्चीवरून उठलीच.
"आपने कोड तो नहीं दिया?"
नाही गं. आणि पासवर्डही नाही.
तो कुणाला कळायचा नाही,
वसतिगृहाचा तो जुना नंबर, उलटा, मागे चिन्ह...

बघा. सांगून बसले.
उद्या बदलते.