एक ते पाच

डिचोलीच्या कॉलेजात, पंखा बिघडलेल्या वर्गात
मी एकशेबारा कागद वाटले.
तेवढेच वाटलेत डेन्मार्कच्या एका बंदरगावात,
जिथे म्हणे डिसेंबरात साडेतीनलाच दिवे लावतात.
वय अठरा ते पंचवीस.
स्वभावातली बळं चोवीस, शेवटी आनंद.
प्रत्येकापुढे पाच गोल. एकात फुली.

भाषांतर माझंच, रोजंदारीवर.
धैर्य सोपं गेलं, दयाही.
एका शब्दापाशी तीन दिवस अडले :
उत्साह लिहिलं, खोडलं. उमेद, तेही खोडलं.
शेवटी हुरूप ठेवलं,
तर मागच्या बाकावरून विश्रांत गावस विचारतो,
टीचर, चवथीचा वेगळा धरायचा की वर्षाची सरासरी?

‘मी इतरांचे आभार मानते / मानतो.’
सेल्मा फर्नांडिस पेन चावत राहिली.
आमच्यात आभार कुठे मानतात?
‘देव बरें करूं’ म्हणायचं
आणि देणं देवाच्या नावावर टाकून मोकळं व्हायचं.
मग फुली कुठे?
तीनवर मार, म्हटलं.
(असं सांगायचं नसतं. सांगितलं.)

खाण बंद पडली तेव्हा विश्रांत सातवीत होता.
बापाचा ट्रक अजून अंगणात आहे,
ड्रायव्हरच्या सीटवर कोंबडी अंडी घालते.
‘मला पुढच्या दिवसांची आशा वाटते’ :
त्याने पाचवर फुली मारली,
इतकी दाबून की खालच्या पानावर उठली,
‘विनम्रता’च्या ओळीत.
सेल्माचे कागद लिस्बनहून पास होऊन आलेत,
पुढच्या महिन्यात विमान.
तिने दोन मारले, मग खोडून पुन्हा दोनच.

पावसाळा संपता संपता तिकडून निकाल आला.
तुमची मुलं आशेत पुढे, कृतज्ञतेत मागे.
आनंदात फरक लक्षणीय नाही.
ही शेवटची ओळ मी स्टँडवर उभ्याउभ्या चारदा वाचली.
साखळीची बस गेली होती.

विश्रांतने स्कूटर थांबवली. बसा टीचर, वाटेवरच आहे.
वाटेवर नव्हतं.
उतरताना तोंडून गेलं, देव बरें करूं,
आणि त्याने मान हलवली, जशी पावती घ्यावी.

मग स्कूटर चालू ठेवूनच विचारलं,
त्या थंडीतल्या पोरांनी तीन मारले का कुठे?
मारलेत, म्हटलं.
कुठे?
हुरूपवर. जवळजवळ सगळ्यांनी.
तो हसला, आणि गिअर पडेना.