बोटभर हवा

रात्रपाळी संपवून साडेआठला
उद्यमनगरच्या कोपऱ्यावर रिक्षातून उतरते,
तेव्हाच समोरच्या शेडचं शटर वर जातं.
माझी झोप आणि त्यांचं लेथ
एकाच वेळी सुरू होतात.

सोळा वर्षं कानात कापूस.
मग ऐन जुलैत सुकुमारनी
जुन्या लाकडी खिडकीला आतून दुसरी काच लावली,
मधे चार बोटं जागा सोडून.
बाहेरून सिलिकॉन, आतून जमेल तेवढी पट्टी.
पहिल्या दिवशी मी दुपारी दोनपर्यंत झोपले.
ग्राइंडर कुणा लांबच्या गावात चालल्यासारखा.
सासूबाई तीनदा येऊन बघून गेल्या म्हणे.

डिसेंबरात पंचगंगेवरून धुकं आलं
आणि काचेच्या पोटात घाम फुटला.
पुसायला गेले, फडकं कोरडंच.
अलीकडून कोरडं, पलीकडून कोरडं,
ओल मधे, जिथे हात पोचत नाही.
दहा वाजेपर्यंत थेंब ओघळून चौकटीत साठायचे.
लाकूड काळवंडलं, आणि एका सकाळी
त्यावर बुरशी, मोहरीएवढी.

सुकुमार म्हणाले, बाहेरनं पाणी शिरतंय.
अजून सिलिकॉन भरलं.
मी गोळ्यांच्या रिकाम्या डब्यांतल्या
ओल टिपणाऱ्या पुड्या आणून मधे टाकल्या.
चार दिवसांत त्याही फुगून गप्प.

लक्ष्मीपुरीतून दस्तगीर शिकलगार आला.
काचेवर टिचकी मारली, चौकटीला नाक लावलं,
आणि काही न बोलता स्वयंपाकघरात डोकावला.
गॅसवर सासूबाईंचं प्यायचं पाणी उकळत होतं,
शेजारी, दिवस मावळायच्या आत जेवायचं म्हणून,
लवकर चढवलेला भात.
"वैनी, पाणी भायनं न्हाई आलं. ह्येच्यातनं आलंय.
आन तुमच्या तोंडातनं. तिघं झोपताय न्हवं हितं?
भायरची काच रातभर गार.
वाफ फटीतनं आत शिरती, तिला टेकती,
की झालं पाणी.
आन सायबांनी भायरनं बूच मारलंय.
तिनं जायाचं कुठनं?"

त्या दिवशी त्यानं नुसती आतली काच उतरवली.
लाकूड वाळू दे म्हणाला.
अकरा दिवस पुन्हा कापूस, पुन्हा लेथ.
मग माघातल्या एका कोरड्या दुपारी आला,
दोन्ही काचा आतून लखलखीत पुसल्या,
आतलीला चारी बाजूंनी रबराची पट्टी, आणि स्क्रू,
उद्या काढता यावी म्हणून.
बाहेरच्या चौकटीत खाली दोन भोकं,
बाहेर उतरती, जाळी लावून.
"आतनं घट्ट, भायरनं जरा सैल."
सुकुमार कुरकुरले, भोकातनं आवाज येईल.
"येईल की वाईच," तो म्हणाला,
"डास येनार न्हाईत."

त्या रात्री अकरा नंबरच्या कॉटवर
कागलचे एक आजोबा.
दर अर्ध्या तासानं टॉर्च धरून बघायचं होतं:
ऑक्सिजनचा मास्क आतून धूसर होतो,
निवळतो,
पुन्हा धूसर होतो.
तेवढ्या धूसरपणावर मी फाइलीत
वेळ टाकून सही करते.
सोळा वर्षं हीच वाफ ओळखण्याचा पगार घेते,
आणि घरच्या खिडकीत ती दिसली
तर मी फडकं शोधत होते.

सकाळी आले. काच स्वच्छ,
फक्त खालच्या कोपऱ्यात बोटभर धुरकट.
बघता बघता तेही भोकाकडे सरकलं.
शटर वर गेलं. लेथ सुरू झालं,
वाईच ऐकू आलं.
स्वयंपाकघराचं दार लावून घेतलेलं होतं,
पंखा चालू होता, वाफेला रस्ता दाखवत.

झोप कधी लागली कळलं नाही.
दुपारी सासूबाई येऊन
माझ्या नाकाशी हात धरून गेल्या, म्हणे,
आणि तळव्याला ऊब लागल्यावर
पडदा ओढून घेतला.